सिनूचा आवाज

माझ्या बायकोला माझा पगार माहीत आहे, मोबाईलचा पासवर्ड माहीत आहे, लग्नाआधी माझं कुणावर मन होतं तेही माहीत आहे. हे मात्र माहीत नाही. आईला एकदा संशय आला होता, पण ती विचारता विचारता थांबली. बाकी कुणाजवळ मी हा विषय कधी काढला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर बसलो की माझी जीभ रेटत नाही.

कुठून सुरू करू? कॉम्प्युटरपासूनच करतो. कारण जे झालं ते एका जुन्या कॉम्प्युटरवर गेम चालावा, म्हणून झालं. ऐकायला किती फालतू वाटतं, नाही?

आम्ही होटगीला राहायचो. वडील रेल्वेत ट्रॅकमन. मी रोज गाडीनं सोलापूरला कॉलेजला यायचो. कुठलातरी टायपिंगचा क्लास बंद पडला, तेव्हा वडिलांनी तिथला एक पीसी घरी आणला. पांढऱ्याचा पिवळा झालेला डबा, आत घरघरणारा पंखा. त्याच्यावर सिनेमा दिसायचा, प्रोजेक्ट टाईप करता यायचा. पण कॉलेजातले मित्र ज्या गेमबद्दल बोलून थकायचे नाहीत, तो त्याच्यावर सुरूच व्हायचा नाही. स्क्रीन काळी व्हायची, एक इंग्रजी पाटी यायची, की परत आपलं ते डेस्कटॉपवरचं हिरवं गवत. मित्र हसायचे. "मिल्या, तुझ्या डब्यावर फक्त सापशिडी चालंल बे."

मी परीक्षेचा केला नसेल इतका त्या डब्याचा अभ्यास केला. प्रोसेसर बदलायला गेलं तर बोर्ड बदलावा लागतो, बोर्ड बदलला की रॅम, म्हणजे संपलंच — नवीन पीसीच झाला की. त्यापेक्षा आहे त्यातच रॅमची एक पट्टी वाढवायची, एखादं छोटं ग्राफिक कार्ड बसवायचं, त्याला झेपेल असा पॉवर सप्लाय घालायचा आणि हार्ड डिस्क मोठी करायची. सगळं जुनं, वापरलेलं. नव्याची ऐपत कुणाची होती?

स्टेशनजवळच्या एका बोळात जुने पार्ट विकणारे चाचा होते. त्यांच्याकडे मी इतक्या चकरा मारल्या की शेवटी तेच वैतागले.

"पार्टां में नक्को पड रे," ते म्हणाले. "एक पूरा डब्बा हय. लडका गुजर गया. माँ बेच रई. जा, देख ले."

तेव्हा मला काय वाटलं, ते आधी सांगून टाकतो. वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला — स्वस्तात मिळेल म्हणून.

घर सोलापूरच्या पूर्व भागात होतं, यंत्रमागांच्या गल्लीत. शेजारच्या भिंतीपलीकडे माग चालायचा, त्याचा खटाखट आवाज घरातल्या भांड्यांत शिरलेला. दारात एक बाई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेली. हातात छोटी कात्री, पान कापायची. तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "त्याच्याएवढाच हाय की तू."

तिचं नाव लक्ष्मीबाई. तेलुगू घर. नवरा आधीच गेलेला, आणि मुलगा श्रीनिवास — ती सिनू म्हणायची — मोहोळला मित्राच्या लग्नाला मोटारसायकलवरून गेला होता, तो हायवेवरच अपघातात गेला. एकच मुलगा. टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, आणि मिळेल त्यातून थोडं थोडं बाजूला टाकून त्यानं हा पीसी जोडला होता. खोलीच्या कोपऱ्यात, साडीच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेला. मी कापड काढलं. ग्राफिक कार्ड मला हवं होतं त्याच्याहून बरं होतं. हार्ड डिस्क माझ्या चौपट. मी चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न केला. जमला का ते माहीत नाही.

पैशाचं बोलणं फार झालं नाही. तिनंच थांबवलं.

"जे द्यायचं ते दे. पण एक काम कर बाबा. हा खेळताना बोलायचा. हसायचा, वरडायचा, ते सगळं ह्याच्यात भरून ठेवायचा. मोबाईल त्याचा चुरा झाला. माझ्या ह्या डबड्या फोनात काय ऱ्हात न्हाई. आवाज ह्याच्यातच हाय त्याचा. तेवढा काढून दे मला. मला ऐकायचा हाय."

सिनू खेळताना बोलत बोलत रेकॉर्ड करायचा. नेटवर टाकणार होता, लोक बघणार होते. नेट मंद म्हणून कधी टाकलंच नाही. म्हणजे जगात त्याचा आवाज होता तो त्या एका डिस्कवर.

मी म्हणालो, "काढून देतो काकू. पेन ड्राइव्हवर टाकून देतो, टीव्हीला लावून ऐका."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तंबाखूचा वास आला हाताला.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी मित्र होटगीला येणार होते — मीच बोलावलं होतं, माझा डबा काय करतो ते दाखवायला. ते ज्या डब्याला हसले होते, त्याच्यावरच गेम चालवून दाखवायचा होता, म्हणून घरी आल्या आल्या दोन्ही पीसी उघडून बसलो. त्याचं कार्ड काढून माझ्या बोर्डात बसवलं, पॉवर सप्लाय बदलला, रॅम बसली, डिस्क जोडली. सगळं पहिल्या झटक्यात चालू झालं. असं कधी होत नाही. पार्ट जुळत नाहीत, काहीतरी अडतं, एखादा दिवस डोकं फोडावं लागतं. त्या दिवशी सगळं कसं वाट बघत बसल्यासारखं जागच्या जागी बसलं.

डिस्क उघडली. फोल्डर होते. खेळांच्या नावांचे, आणि एक 'अम्मा' नावाचा. मी एक व्हिडिओ लावून बघितला. आधी गेमचा आवाज, मग एक मुलगा हसतो आणि म्हणतो, "काय बे लोकहो!" — मी बंद केला. नंतर ऐकू म्हटलं.

डिस्क भरलेली होती. माझ्या गेमला जागा नव्हती. ते सगळं कॉपी करून ठेवायला माझ्याकडे एवढा पेन ड्राइव्ह नव्हता, माझी जुनी डिस्क आधीच गच्च. कॉलेजात एकाकडे बाहेरून लावायची डिस्क होती, तो सोमवारी भेटणार होता.

सोमवारपर्यंत थांबायचं होतं. मित्रांना पुढच्या रविवारी बोलावता आलं असतं. काय बिघडलं असतं?

मी मनाशी म्हणालो, पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर असतं, नंतर काढू. हे मला अर्धवट माहीत होतं, आणि पुसल्यावर वरून दुसरं भरलं की काहीच परत येत नाही, हेही माहीत होतं. दोन्ही माहीत होतं हो. तरी फॉरमॅटचं बटण दाबलं. 'सगळं जाईल, चालेल का?' असं त्यानं विचारलंसुद्धा. मी हो म्हणालो. मग त्याच्यावर तो भलामोठा गेम भरला, दुपारभर भरत राहिला.

रविवारी मित्र आले. गेम असा चालला की सगळे गप्प झाले. खूप दिवसांनी मला कुणी हसलं नाही. आई चहा घेऊन आत आली आणि दारातच थांबली. नाक आक्रसून म्हणाली, "मिल्या, बिडी वडायलास व्हय?"

मी नाही म्हणालो. मित्रांनीही नाही म्हटलं. पण वास येत होता, मलाही येत होता. डब्यातून येत होता. त्या कार्डाच्या पंख्यात, पात्यांमध्ये तंबाखूची बारीक तांबूस धूळ बसलेली होती — त्या घरातली, तिच्या सुपातली — आणि कार्ड तापलं की ती भाजून निघायची. मी ब्रशनं झाडली, फुंकून काढली, तरी गेम रंगात आला की वास यायचा. बंद केला की जायचा.

मी सॉफ्टवेअर लावलं. रांगेनं फाईली आल्या, सगळ्या मोडक्या. उघडल्या की नुसता खरखराट. मग मी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं, "काकू, डिस्क खराब निघाली. काहीच आलं नाही."

ती कात्री चालवत राहिली. हातातलं पान कापून झालं तशी म्हणाली, "मशीन हाय. त्याला काय कळतंय." आणि मग — हे मला आजही सोसत नाही — तिनंच माझी समजूत काढली. "तू कशाला तोंड पाडतोस? तू केलास की प्रयत्न." भात वाढला, चिंचेचं सार वाढलं. ती त्याला चारू म्हणायची. मी जेवलो. घशाखाली उतरलं माझ्या.

इथवरचं पाप लहान मुलाचं म्हणून सोडून देता आलं असतं कदाचित. मी लहान नव्हतो, पण म्हणता आलं असतं. पुढचं तसं नाही.

काही महिन्यांनी मी दुसरं सॉफ्टवेअर लावलं, असंच, सुट्टीच्या दिवशी. आणि एक फाईल निघाली. चित्र नव्हतं, नुसता आवाज, पण स्वच्छ. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. मी हेडफोन लावले.

सिनू खेळत होता. मित्राला शिव्या देत होता, हसत होता, मध्येच स्वतःशी गाणं गुणगुणत होता. मागं त्या शेजारच्या मागाची खटाखट. मग लांबून, आतून, एका बाईची हाक — "रा रा! अन्नम!" ये रे, जेवायला. आणि अगदी माझ्या कानात, माझ्या डोक्याच्या आत असल्यासारखा तो म्हणाला, "वस्तुन्ना, अम्मा!" आलो, आई. शेवटचा शब्द थोडा वर नेऊन सोडलेला — लाडात आल्यासारखा, थोडा कंटाळल्यासारखा.

खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं गेली. आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं.

तो बंद करायला विसरला होता. पुढं सगळी रिकामी खोली आहे. माग चालतो आहे. आत ताटाचा आवाज होतो. कात्री चालते, थांबते, चालते. मी हेडफोन काढू शकलो नाही. माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून मी त्या खोलीत बसलो होतो, आणि जो उठून गेला होता त्याच्या जागी मीच बसलो होतो. मग कुणीतरी माईकजवळ आलं. श्वास ऐकू आला. तीच असणार, धूळ पुसायला आलेली. पण मी मागं वळून बघितलं. मग फाईल संपली.

ती त्याच दिवशी नेऊन द्यायला हवी होती ना? माझ्या खिशात पेन ड्राइव्ह होता. गाडीनं जेमतेम थोडा वेळ लागतो.

मी गेलो नाही. डिस्क खराब निघाली असं सांगून बसलो होतो — मग आता ही कुठून आली? एक निघाली तर बाकीच्या कुठं आहेत? ती साधी बाई असं काही विचारणारही नव्हती. विचारेल याची भीती मलाच होती. उद्या देऊ म्हणालो. मग पेपर झाल्यावर देऊ म्हणालो. आणि तोवर ती फाईल मी ऐकत गेलो. किती वेळा, ते नका विचारू.

तिच्याकडे मात्र जात राहिलो. मोबाईलचं काही करायचं असलं, बँकेत काही अडलं, की ती मला फोन करायची. माझी आई म्हणायची, "पोरगं गुणाचं हाय माजं." मी ऐकून घ्यायचो.

एके दुपारी मी तिच्या गल्लीत शिरलो, दाराचा पडदा बाजूला केला, चप्पल काढली. ती आत चुलीपाशी होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण कान तिखट — शेजारचा कुठला माग बंद आहे ते ती बसल्या जागी सांगायची. पावलं ऐकली आणि सवयीनं तिच्या तोंडून हाक गेली.

"सिनू, रा रा!"

"वस्तुन्ना, अम्मा!" मी म्हणालो.

मी ठरवून म्हणालो नाही, हे खरं आहे. ती हाक आली की पुढं ते वाक्य येतं, हे माझ्या कानाला इतकं पाठ झालं होतं की तोंड आपोआप उघडलं. पण ज्या सुरात आलं तो सूर माझा नव्हता. शेवटचा शब्द वर गेला, आणि तसाच सुटला.

आतला सगळा आवाज थांबला. माग चालू होता बाहेर, पण मला वाटतं तोही थांबला होता. ती दारापर्यंत आली. चौकटीला धरून उभी राहिली. माझ्याकडे बघत होती, की माझ्या मागं बघत होती?

"परत म्हण," ती म्हणाली.

मी म्हणालो.

ती रडली नाही. खाली बसली, सूप ओढून घेतलं, आणि कितीतरी वेळ पानं न कापता नुसती कात्री उघडमीट करत राहिली. मग मराठीत विचारलं, "जेवलास का मिलिंद?"

तुम्हाला वाटेल तिला भ्रम झाला होता. नव्हता. मी मिलिंद आहे, होटगीचा आहे, हे ती कधी विसरली नाही. पण त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा. आधी इकडचं तिकडचं, मग फोन तोंडापासून लांब धरून हाक मारायची — तशी, लांबून आल्यासारखी. मी उत्तर द्यायचो. ती "हं" म्हणायची आणि फोन ठेवायची.

मला नोकरी लागली, पुण्याला आलो. रविवारचा फोन चालू राहिला. आणि आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात वाईट आहे. फोन यायच्या आधी मी ती फाईल लावायचो. तालीम म्हणून. सूर कुठं चढतो, 'म्मा' किती लांबतो, ते घोटून घ्यायचो. जी वस्तू तिची होती, जिच्यासाठी तिनं तिच्या मुलाचं सगळं मला देऊन टाकलं होतं, ती मी स्वतःपाशी ठेवली होती — आणि त्या फाईलवरून नक्कल शिकून ती नक्कल तिला पाठवत होतो.

ती खूश होती. मग एकाच वाक्यावर कसं भागणार? ऑफिसात एक तेलुगू मुलगा होता, त्याच्याकडून मी आणखी शिकलो. पाणी प्यायलीस का, औषध घेतलंस का, थंडी आहे तिकडं? सिनू हे कधी म्हणाला होता का? मला काय माहीत. मी त्याच्या आवाजात म्हणायचो. ती उत्तरं द्यायची. हळूहळू फाईल लावायची गरज उरली नाही. तो आवाज नुसती हाक आली की यायचा. आणि माझं वय वाढत होतं तसं त्याचंही वाढत होतं. सर्दी मला झाली की तो घोगरा व्हायचा. ती काळजी करायची.

सुट्टीला होटगीला आलो असताना एका रविवारी आईनं ऐकलं. मी अंगणात फोनवर बोलत होतो. वळलो तर ती मागं उभी, हातातली परात तशीच.

"कुणाला अम्मा म्हनतुयास?"

"अगं, त्या सोलापूरच्या काकू."

"त्ये न्हाय इचारत मी." ती जवळ आली नाही. "आवाज कुणाचा काडलास? तुजा न्हाय ह्यो. मला भ्या वाटलं, मिल्या."

मी हसून काहीतरी सांगितलं. ती आणखी काही विचारणार होती, पण वळून आत गेली. त्या रात्री जेवताना तिनं मला नावानं हाक मारली आणि मी उत्तर देईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मग माझं लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी बोलायला लागली तसं बायको तिचं प्रत्येक बोबडं वाक्य मोबाईलवर धरून ठेवायची, आणि मला सांगायची, हे लॅपटॉपवर टाका, आणखी कुठं कुठं टाका, जायला नको. एकदा माझ्या हातून एक क्लिप उडाली. दुसरीकडे होती ती, नुकसान काही नव्हतं. तरी बायकोचा चेहरा पांढरा पडला. "असं कसं बोट लागतं हो तुमचं?" ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी सोलापूरला गेलो. ठरवलं होतं — फाईल ऐकवायची आणि सगळं सांगायचं. फॉरमॅट केल्याचं, खोटं बोलल्याचं, नंतर सापडल्याचं, दडवल्याचं. सोबत एक छोटा स्पीकर घेतला, आवाज नीट यावा म्हणून. गाडीत बसून वाक्यं जुळवत होतो.

अम्मा — मीही आता तिला अम्माच म्हणतो — पुष्कळ वाकली आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता नीट दिसतं. बिड्या सोडल्या. शेजारचा माग बंद पडून बरीच वर्षं झाली, तिथं आता भाड्याच्या खोल्या आहेत. दुपारची वेळ. गल्ली इतकी शांत की मला त्या शांततेचीच सवय नव्हती.

"अम्मा, एक ऐकवायचं आहे," मी म्हणालो. स्पीकर तिच्यासमोर ठेवला आणि लावला.

सिनू हसला. मित्राला शिवी दिली. गुणगुणला. अम्मा मान तिरकी करून ऐकत होती. मागाची खटाखट आली तशी तिच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "हा आपल्या शेजारचा माग! हितलाच हाय की हा. असाच वाजायचा, एक दात मोडल्यासारखा." मला वाटलं, आता. मग ती हाक आली. मग त्याचं उत्तर.

तिच्या तोंडावरचं काही हललं नाही.

खुर्ची सरकली, पावलं गेली, रिकामी खोली सुरू झाली. मी बंद केलं. ती माझ्याकडे बघत होती, पुढं मी काय सांगतो याची वाट बघत.

"कोण हाय हा पोरगा?" तिनं विचारलं.

मला नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. मी परत लावलं. ती परत तितक्याच मन लावून ऐकू लागली. 'वस्तुन्ना, अम्मा' झाल्यावर तिनं मान हलवली, गोड वाटलं तशी.

"आई जेवायला बोलवतेय त्याला. आपल्या लोकांतला दिसतोय. कोण रे?"

"अम्मा... सिनू नाही वाटत हा?"

ती हसली. माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "छट! सिनूचा आवाज मला ठावं न्हाई व्हय? दर रविवारी ऐकते की मी. सिनू असा पातळ न्हाई बोलत. हा कुणीतरी लहान पोरगा हाय."

तिथंच, त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. म्हणायचं होतं — अम्मा, हाच सिनू. रविवारी जो असतो तो मी. तुमच्या कानात जो आहे तो माझा आवाज आहे, सर्दी झाली की घोगरा होतो तो. तुमचा मुलगा असा होता, पातळ आवाजाचा, हा असा. हे म्हणायलाच मी आलो होतो ना?

आणि तिनं परत विचारलं, "कोण रे? सांग की."

"कॉलेजातला एक मित्र," मी म्हणालो. "तुमच्याच गल्लीत राहायचा काही दिवस."

"हाय का आता?"

"नाही. वारला तो."

तिनं त्या स्पीकरवरून बोट फिरवलं. मग पदरानं डोळे टिपले — परक्या मुलासाठी टिपतात तसे — आणि मला म्हणाली,

"त्याच्या आईला नेऊन दे की रे हे. असंल कुठं तर. तिला ऐकू दे."

मी "देतो" म्हणालो.

स्पीकर पिशवीत घातला. तिनं भात वाढला, मी जेवलो, आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत आलो. येत्या रविवारी तिचा फोन येईल. मी तो घेणार आहे.